तंत्रज्ञान धोरण आणि डिजिटल समानता यांच्या अभ्यासात करिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर, ईमेलवर आणि लग्नाच्या पंगतीतही जे प्रश्न मला हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, दोन-चार अधिकाऱ्यांचे. उत्तरं माझी आहेत. याच विषयातले माझे सहकारी यातल्या निम्म्या उत्तरांवर वाद घालतील.

तुम्ही नक्की करता काय?

एखादी सेवा ऑनलाइन गेली की कोणाचं काम हलकं झालं आणि कोणाच्या अंगावर नवं काम पडलं, हे शोधते. मग ते लिहून नियम करणाऱ्यांपर्यंत पोचवायची धडपड करते.

ई-पीक पाहणी घ्या. पूर्वी सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन, पिकाचा फोटो काढून, मोबाइल ॲपवर ही नोंद करायची पद्धत आली. यामागचा विचार चुकीचा नव्हता. तलाठी जागेवर न जाता अंदाजाने पीकपेरा लावतात ही तक्रार जुनी होती आणि बऱ्याच ठिकाणी खरीही. पण या बदलाबरोबर एक सरकारी काम शेतकऱ्याकडे आलं, आणि त्याला लागणारा फोन, डेटा आणि वेळ त्याने पदरचा घालायचा असं ठरलं. नोंद राहून गेली तर नुकसानभरपाईच्या किंवा हमीभावाने विक्रीच्या वेळी पंचाईत. पुढे राहिलेल्या नोंदी पूर्ण करायला गावोगाव सहायक नेमावे लागले.

आमचं काम इथे सुरू होतं. किती जणांनी नोंद स्वतः केली, किती जणांनी पुतण्याकडून करून घेतली, किती जणांनी कोणाला तरी पैसे मोजले आणि कोणाची नोंद झालीच नाही? डॅशबोर्डवर पहिले तिघे एकाच आकड्यात बसतात. चौथा दिसतो तो फक्त 'शिल्लक क्षेत्र' म्हणून, आणि त्याचं कारण तिथे लिहिलेलं नसतं.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. मग प्रश्न उरला कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं निम्मं बरोबर असतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत देशातल्या जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबं ४.४ टक्के. २०२५च्या दूरसंचारविषयक सर्वेक्षणात घरात इंटरनेट असलेली कुटुंबं ८६.३ टक्क्यांवर गेली. सात-आठ वर्षांत एवढा बदल झाला हे जो अभ्यासक मान्य करत नाही, त्याचं पुढचं काही ऐकू नये.

पण हे आकडे कुटुंबाचे आहेत. घरात फोन असणं आणि तो आपल्या हातात असणं यात जे अंतर आहे, ते कुटुंब हे एकक धरलं की दिसेनासं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के. 'कधी तरी' ही अट किती सैल आहे ते बघा, आणि तरीही एवढी तफावत. त्यानंतर आकडे नक्कीच सुधारले असतील. पण ओटीपी कोणाच्या खिशातल्या फोनवर येतो, या प्रश्नाचं उत्तर टक्केवारीच्या वेगाने बदलत नाही.

त्यापुढे कौशल्याचा थर आहे. इंटरनेट वापराच्या अभ्यासक एस्टर हरगिटाई यांनी २००२ मध्येच दाखवलं की जोडणी सारखी असली तरी हवी ती माहिती शोधून काढण्याची क्षमता माणसागणिक फार वेगळी असते. आणि त्याच्याही पुढे फॉर्मची रचना. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली, तेव्हा लाभार्थी महिलेच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. जिचा नवराही हयात नाही आणि वडीलही, तिने त्या रकान्यात काय भरायचं? नंतर अशा महिलांसाठी वेगळी वाट काढावी लागली, मुदतही वाढवावी लागली. त्या बाईकडे चांगला फोन होता, फाइव्ह-जी होतं, ॲप चालवता येत होतं असं धरलं, तरी ती अडलीच असती. रकाना आखणाऱ्याने घर कसं असतं हे ठरवून टाकलं होतं. धोरण शासन निर्णयात असतं असं आपण समजतो. पुष्कळदा ते अशा तारांकित, म्हणजे भरावेच लागणाऱ्या, रकान्यांत असतं.

या विषयात महाराष्ट्राचं काही वेगळेपण आहे का?

आहे, आणि इथल्या विद्यार्थ्यांना त्याची कल्पना नसते याचं मला नवल वाटतं. तीन गावांची नावं लक्षात ठेवा.

पहिलं वारणानगर, जिल्हा कोल्हापूर. १९९८ मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून आसपासची सुमारे ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सगळं गावातल्या केंद्रावर मिळेल ही कल्पना. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या चमूने जाऊन पाहिलं, तर त्या संगणकांचा उपयोग प्रामुख्याने ऊस आणि कारखाना यांच्यातल्या ठरावीक नोंदींपुरता होत होता. खताची मागणी, तोडणीची परवानगी, उसाचं वजन. एवढ्यासाठी संगणक सांभाळणं महाग पडत होतं. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून पाहिला आणि काम भागलं. हा निबंध २००७ मध्ये मांडला गेला. लोकांना जी माहिती हवी होती ती कारखान्याकडे अडकलेली होती, 'माहितीच्या महाजाला'त नव्हे. ज्याला कोल्हापूर-सांगलीचं सहकारी राजकारण कळतं त्याला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. ज्याला फक्त संगणक कळतो त्याला वाटलं असेल.

दुसरं टेंभली, जिल्हा नंदुरबार. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी इथे, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिलं गेलं. त्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवर नेटवर्क शोधत टेकडी चढणारी माणसं तेव्हा होती आणि नंतरही राहिली.

तिसरं मेळघाटातलं हरिसाल. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभांमधून व्हिडिओ लावून तो दावा पोकळ असल्याचं सांगितलं, सत्ताधाऱ्यांनी उलटे दाखले दिले. अभ्यासकाला यात एक गोष्ट महत्त्वाची: उद्घाटनाचा दिवस सगळे मोजतात, तिसऱ्या वर्षी राऊटर कोण दुरुस्त करतं हे कोणी मोजत नाही.

म्हणजे तुम्ही आधारच्या, ऑनलाइनच्या विरोधात आहात?

दर व्याख्यानानंतर हा प्रश्न येतो, बहुतेक वेळा मागच्या रांगेतून.

दोन अभ्यास शेजारी ठेवून सांगते. दोन्ही अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांचे. पहिला आंध्र प्रदेशातला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटांचे ठसे घेणाऱ्या स्मार्टकार्डवर द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पैसे लवकर आणि नियमित मिळू लागले, गळती कमी झाली आणि मजुरांनाही जुन्या पद्धतीपेक्षा ही बरी वाटली. दुसरा झारखंडातला, रेशन दुकानावर आधारची पडताळणी सक्तीची केल्यानंतरचा. तिथे गळती घटल्याचं दिसलं नाही. लोकांचे हेलपाटे वाढले, आणि ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं अशा कुटुंबांना मिळणारं धान्य सरासरीने १० टक्क्यांनी घटलं.

ठसे तेच, बोटं तीच, अभ्यासकही तेच. मग फरक कशाचा? आंध्रात सरकारने लोकांना पैसे मिळतात की नाही याकडे लक्ष ठेवलं आणि कार्ड नसलेल्यालाही मजुरी मिळत राहिली. झारखंडात भर होता खोटे लाभार्थी गाळण्यावर, आणि गाळताना खरेही गळाले. म्हणून 'तंत्रज्ञानाच्या बाजूने की विरोधात' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. ठसा जुळला नाही तर पुढे काय, एवढं विचारते. ऊसतोड करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. त्याच्यासाठी दुसरा रस्ता कागदावर असतोच. दुकानदाराला तो माहीत आहे का, आणि तो वापरला तर त्याला वरून नोटीस येते का, हे दुकानात जाऊनच कळतं.

मी इंजिनीअर आहे / मी राज्यशास्त्र शिकलेय / मी वकील आहे. मला जमेल का?

तिघांनाही जमेल आणि तिघांनाही काहीतरी नव्याने शिकावं लागेल. इंजिनीअरला माणसांशी तासभर बोलायला आणि त्यातली चाळीस मिनिटं गप्प बसायला. राज्यशास्त्रवाल्याला सर्वेक्षणाचा मूळ डेटा उघडून स्वतः तक्ता काढायला. वकिलाला 'कायद्यात असं लिहिलंय' या वाक्यापुढे जायला.

अभ्यासक्रमांचं म्हणाल तर 'डिजिटल समानता' अशा नावाची पदवी शोधत बसू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), मुंबई आयआयटीतलं ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' आणि तिथलंच धोरण अभ्यास केंद्र, बंगळुरूची ट्रिपल-आयटी, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातलं संज्ञापन-नियमन केंद्र, या ठिकाणी हे काम वेगवेगळ्या नावांनी चालतं. परदेशात ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट आणि मँचेस्टर ही जुनी ठिकाणं. विद्यापीठाबाहेर बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि आयटी फॉर चेंज, दिल्लीची डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन, कोलंबोची लर्नएशिया. यांचे जुने अहवाल वाचा, कुठलीही प्रवेश परीक्षा न देता निम्मा अभ्यासक्रम तिथेच होतो.

मराठी माध्यमातून आलोय. इंग्रजीचं काय?

निबंध इंग्रजीतच लिहावे लागतात, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण मुलाखती मराठीत होतात, आणि त्याही प्रमाण मराठीत नव्हे. अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईशी बोलायला दिल्लीहून आलेल्या संशोधकाला दुभाषी लागतो आणि दुभाष्यासमोर ती वेगळं बोलते. तुम्हाला तिची भाषा येत असेल तर ती तुमची पात्रता आहे, अर्जात वरच्या बाजूला लिहा.

गावात, केंद्रावर जाऊन माहिती गोळा करता म्हणजे नक्की काय करता?

आपले सरकार सेवा केंद्रात परवानगी घेऊन कोपऱ्यात बसते. केंद्रचालकाशी आधी बोलते, कारण सगळी व्यवस्था त्याच्या खांद्यावर उभी असते आणि संशोधक त्याला दलाल समजून लिहितात. त्याला भाडं, वीज, प्रिंटरची शाई सुटत नाही. 'सर्व्हर डाउन' असला की शिव्या त्यालाच. दरपत्रकापेक्षा जास्त घेतो का? काही जण घेतात. का घेतात हे त्याच्या महिन्याच्या हिशेबावरून कळतं. 

मग रांगेतल्या लोकांशी. 'तुम्ही इंटरनेट वापरता का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. व्हॉट्सॲप दिवसभर बघणाऱ्या मावशी सरळ 'नाही' म्हणतात. त्यापेक्षा विचारा: शेवटचा ओटीपी कोणाच्या फोनवर आला? फोनचा पासवर्ड घरात कोणाकोणाला माहीत आहे? आज रोज बुडला का? यायला एसटी होती का वडाप? इथे कितव्यांदा आलात? पहिल्या प्रश्नावरच घरातली सत्ता कोणाकडे ते समजतं.

थोड्या वेळाने कोणीतरी फोन पुढे करतं: 'मॅडम, एवढं बघून द्या ना.' पाठ्यपुस्तकातला संशोधक इथे हात आखडता घेतो, आपल्या मदतीने निरीक्षण बिघडेल म्हणून. माझं मत स्पष्ट आहे. मदत करा, आणि वहीत लिहा की हा अर्ज मी भरून दिला, तो मोजणीतून बाजूला ठेवा. आधार क्रमांक, बँक पासबुक, ओटीपी यांचे फोटो मात्र कधीही काढू नका. संमतीपत्रावर अंगठा मागू नका; शासकीय अंगठ्यांनी पोळलेला माणूस तुमचा कागदही तसाच समजतो. तोंडी संमती पुरते, ती कशी घेतली हे नोंदवा.

एवढं करून बदल होतो का?

कधी कधी, आणि अनपेक्षित जागी. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला कोविडच्या लशीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. पुण्या-मुंबईचे लोक झरझर स्लॉट पकडून गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर पोचत आणि तिथले स्थानिक दारात उभे. ३१ मे २०२१च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीवर प्रश्न उपस्थित केले, आणि त्यासाठी वर सांगितलेल्या २०१७-१८च्या सर्वेक्षणातले आकडे उद्धृत केले. सर्वेक्षण करणारा प्रगणक कुठल्या तरी घरी जाऊन 'संगणक आहे का' विचारत होता, तेव्हा त्याला साथीची कल्पनाही नव्हती.

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, मुलींच्या वसतिगृहातल्या फोनबंदीच्या प्रकरणात, इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की अनिश्चित काळ इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. आणि ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांची अडचण अशी की केवायसीत 'डोळ्यांची उघडझाप करा' असं सांगितलं जातं आणि त्यांना ती करता येत नाही. न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानून केवायसी सर्वांना करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले.

निकाल आणि अंमलबजावणी यांच्यात बँकेची शाखा असते, हे अर्थात आलंच.

कंपन्यांच्या पैशातून संशोधन करावं का?

वारणाचा उत्तम अभ्यास एका कंपनीच्या संशोधन शाखेने केला, तेव्हा सरसकट नाही म्हणणं ढोंगीपणाचं होईल. पण २०१५-१६ आठवा. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' आणलं: गरिबाला इंटरनेट फुकट, पण कंपनीच्या चौकटीतल्या निवडक सेवांपुरतं. पानभर जाहिराती आल्या. मार्क झुकेरबर्ग यांनी इथल्या इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात दाखला दिला महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली आणि तो प्रयोग भारतात संपला. त्या वादात ज्या अभ्यासकांचे पगार कुठून येतात हे लोकांना माहीत होतं, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. पैसे कोणाचे हे पहिल्या पानावर छापायला देणगीदार तयार नसेल, तर नको म्हणा.

पगार किती? आई विचारतेय.

आईंना सांगा: यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. ती अनेकदा उशिरा जमा होते. स्वयंसेवी संस्थांत नोकरी प्रकल्पाच्या मुदतीइतकी, बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर. थिंक टँक, म्हणजे धोरण-संशोधन संस्था, बरे देतात, दिल्ली-बंगळुरूला राहावं लागतं. याच पदव्या घेऊन कंपन्यांच्या धोरण विभागात गेलेले मित्र बऱ्यापैकी जास्त कमावतात आणि भेटले की फील्डवर्कची आठवण काढतात. घरावर कर्ज असेल तर आधी ते बघा. यात त्यागाचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

एआय आल्यावर हे सगळं निकालात निघेल ना?

बोलून फॉर्म भरता आला तर टंकलेखनाचा अडथळा जाईल, आणि ते मोठं काम होईल. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा भारतीय भाषांसाठीचा प्रकल्प २०२२ पासून त्याच मागे आहे. पण मृत वडिलांचं आधार मागणारा रकाना बोलून भरला तरी रिकामाच राहतो.

सुरुवात कुठून करू?

आपल्या तालुक्यातली एक योजना निवडा. मंजूर अर्जांचा आकडा कुठेही मिळतो, तो सोडा. माहिती अधिकारात विचारा की गेल्या आर्थिक वर्षात किती अर्ज नाकारले, पोर्टलवर नाकारण्याचं कारण म्हणून काय नोंदवलं आणि प्रत्येक कारणाखाली किती. व्यक्तींची नावं मागू नका. तुम्हाला ती नकोत, आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदलल्यापासून नावं मागितलेला अर्ज फेटाळणं सोपं झालं आहे. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा प्रस्तावना लिहू नका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं आलं तर तो कागद जपून ठेवा, कारणं कोणी मोजतच नाही याचा तो लेखी पुरावा आहे. आणि पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करा.